हजऱ्याची शाळा

तवनाप्पा मास्तरांच्या हातून आयुष्यात जे काही घडलं, ते बहुतेक त्यांचं लक्ष दुसरीकडे असताना घडलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ते मांडवाच्या कापडावर बसलेल्या एका फुलपाखराकडे बघत होते, असं त्यांची बायको पद्मावती सांगायची आणि ते कधी नाकारायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता हो. निपाणीकडचा, जैन घराण्यातला, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर धोतराचा सोगा उचलून वळसा घालणारा. फक्त उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची खोड होती. अशा माणसाला स्कूल बोर्डानं बेळगाव-खानापूरच्या मधल्या आंबेगाळीला धाडलं. तिथं सकाळचं धुकं भातखाचरांवरून बारा वाजेपर्यंत उठत नाही. म्हणजे आगीत तेल ओतल्यातलाच प्रकार झाला.

पद्मावतीला आंबेगाळीचा पाऊस सोसत नव्हता. निपाणीच्या तंबाखूच्या वासाशिवाय तिला झोप लागत नसे, आणि कानडीत दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात तर गावात समजणारं माणूस एक, तेही अर्धं बहिरं. म्हणून दर तिमाहीला मास्तर निपाणीला बदली मिळावी असा अर्ज करायचे आणि दर तिमाहीला बोर्ड गप्प बसायचं. एका तिमाहीला मात्र बोर्डाकडून लखोटा आला. पद्मावतीनं तो देवापुढं ठेवून मग उघडायला दिला. आत सर्क्युलर होतं. शाळाखात्यानं असं ठरवलं होतं की मुलांच्या मनात मुक्या व टाकून दिलेल्या प्राण्यांविषयी दया उत्पन्न करावी, त्यासाठी शुक्रवारी अर्धा तास राखून ठेवावा, आणि उत्पन्न झालेल्या दयेचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवावा.

दुसरा मास्तर असता तर त्यानं तक्ता भरून पाठवला असता आणि शुक्रवारी अर्धा तास लवकर घरी गेला असता. आमच्या मास्तरांचे डोळे भरून आले. सरकारच्या कागदावर त्यांनी असा शब्द आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दुपारी खिडकीत बसल्या बसल्या त्यांना शाळेचं आवार दिसलं, तिथं गाय, कुत्रं, गाढव सगळी एका झाडाखाली बसलीत, मुलं त्यांना चारा घालतायत आणि फाटकातून तपासणीचे डेप्युटीसाहेब टोपी काढून आत येतायत. प्रत्यक्षात आवारात झाड नव्हतं आणि फाटकही नव्हतं.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी तीन इयत्तांना एकत्र बसवून इतकं सुंदर सांगितलं की त्यांचं त्यांनाच गहिवरून आलं. शेवटी म्हणाले, ज्याला कुणी नाही असं एखादं जनावर दिसलं तर त्याला आपण आहोत. मुलांनी ते मनावर घेतलं. आता आंबेगाळीत जनावर बांधून ठेवायची पद्धत कमीच, सगळीच आपली मोकळी हिंडतात. सोमवारी प्रार्थनेला सतरा मुलं आणि बावीस प्राणी हजर होते. मष्णूनं कुंभाराचं गाढव आणलं, तेही पाठीवर मातीचं ओझं असलेलं. शामूनं तर साक्षात भरमू पाटलांचा कुत्रा ओढत आणला, कारण आदल्या दिवशी पाटील त्याला 'जा तिकडं मर' म्हणालेलं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दुपारपर्यंत अर्धा गाव आपापली जनावरं सोडवून न्यायला आला आणि जाताना प्रत्येकानं मास्तरांना मुलं कशी शिकवावीत यावर चार शब्द ऐकवले. मास्तर सगळ्यांना बरं म्हणाले. त्यांचा अपमान झाला होता, पण तो त्यांच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

सगळी गेल्यावर मागं राहिलं ते एक रेडकू. ते खरोखरच कुणाचं नव्हतं. म्हणजे मालुबाईचं होतं. मालुबाई शहापुरात दूध घालायची, आणि दूध विकून पोट भरणाऱ्या घरात म्हशीला नर रेडकू झालं तर त्याचं कौतुक कोण करणार? ते दूध पिणार आणि पुढं कामाला येणार नाही. तिनं त्याला ओढ्यापलीकडं नेऊन सोडलं होतं. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वाईट वाटून घरची चूल पेटत नाही, असं तिनं मास्तरांना तोंडावर सांगितलं. रेडकाच्या अंगावर हाडं तेवढी होती. मुलं ते उचलूनच घेऊन आली होती, आणि पहिलीतली एक मुलगी त्याच्या तोंडात आपली भाकरी भिजवून घालत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "गुरुजी, ह्यो मरंल काय?"

मास्तर म्हणाले, "नाही. मी ह्याला काही होऊ देणार नाही."

घरात बायकोला दिलेला शब्द निसटून जायचा, पण वर्गापुढं दिलेला शब्द म्हणजे फळ्यावर लिहिलेला, अशी मास्तरांची समजूत होती. त्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला. अकराची घंटा झाली की प्रत्येक मुलानं येताना आणलेला मूठभर चारा रेडकाला घालायचा आणि मगच प्रार्थनेला उभं राहायचं. घंटा म्हणजे ओसरीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांडकं पडलं की आवाज ओढ्यापलीकडं जायचा. सतरा मुठी चारा म्हणजे थोडाथोडका नव्हे. महिन्याभरात रेडकू उठून उभं राहिलं, दोन महिन्यांत घंटा ऐकून कुठूनही धावत यायला लागलं, आणि एकही दिवस चुकवत नाही म्हणून मुलांनी त्याचं नाव हजऱ्या ठेवलं.

त्या दिवसांची आठवण काढली की मास्तर अजून हरवतात. बाहेर धुकं, आत पंधराच्या पाढ्याचा एकसुरी गजर, तिसरीच्या खिडकीखाली बसलेला हजऱ्या त्या तालावर रवंथ करतोय, आणि मास्तर खुर्चीत बसून कुठंतरी लांब निघून गेलेत. पाढा संपून मुलं गप्प झाली तरी कितीतरी वेळ त्यांना कळायचं नाही. मुलंही मोठी गुणी, त्यांना उठवायची नाहीत.

अडचण अशी झाली की हजऱ्या वाढला. शाळा सुटल्यावर करायचं काय, तर तो लोकांच्या भातात जायचा आणि पाठीवर वळ घेऊन परत यायचा. दोनदा कोंडवाड्यात गेला. मास्तरांनी बोर्डाकडे अर्ज केला की सर्क्युलरान्वये सांभाळलेल्या प्राण्यास राहावयास जागा व संरक्षण मिळावे. तीन महिन्यांनी उत्तर आलं. ज्याअर्थी सदर प्राणी शाळेच्या आवारात आहे, त्याअर्थी त्याची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद करावी. मास्तरांनी हुकमाप्रमाणे नोंद केली. खुर्ची एक, हात मोडका. फळा एक. रुळाचा तुकडा एक. रेडकू एक. आणि त्याच संध्याकाळी डेडस्टॉकमधलं ते रेडकू लंगडत आलं, कुणीतरी पायावर दगड घातला होता. मुलं रडायला लागली. पहिलीतली ती मुलगी नुसती मास्तरांकडे बघत राहिली.

आणि मग मास्तर खानापूरच्या बाजाराला गेले. तिथं त्यांनी एक अजब दृश्य पाहिलं. एक दांडगा रेडा, कपाळाला भंडारा फासलेला, गळ्यात हिरवं फडकं, एका म्हातारीच्या पाटीतली मेथी खुशाल खात होता आणि म्हातारी त्याला हात जोडून उभी होती. त्याला दावं नाही, कुणी काठी उगारत नाही, तो जाईल तिकडं माणसं वाट देतायत. मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांच्या निपाणीकडं श्रावक लोक बाजारातून बकरी विकत घेऊन तिला अभय द्यायचे, मग तिला कुणी हात लावायचं नाही. इकडच्या लोकांतही तीच रीत आहे तर, असं त्यांना वाटलं आणि या मुलखाविषयी त्यांच्या मनात एकदम आदर दाटून आला.

कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण मास्तर विचारत नसतो, मास्तरला लोक विचारतात. दुसऱ्या दिवशी पद्मावतीच्या डब्यातली हळद आणि तिच्या जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं घेऊन त्यांनी मुलांच्या साक्षीनं हजऱ्याचं कपाळ पिवळं केलं. मुलांना तरी काय ठाऊक असणार? गावात बारा वर्षांत असा रेडा कुणी पाहिलाच नव्हता.

गुण मात्र लगेच आला. हजऱ्या सरळ भरमू पाटलांच्या भातात शिरला आणि पाटलांनी पायातली वहाण काढून त्याला नमस्कार केला. लोक त्याला घरातली पेंड आणून घालायला लागले. एवढंच नाही, मास्तरांशीही सगळे अदबीनं वागायला लागले. कुणी दारात भाजी ठेवून जायचं, कुणी तांदूळ. पाटील एकदा म्हणाले, "मास्तर, तुमी दुसऱ्या धर्माचं, पर आमच्या देवीचं मन वळीकलंसा." मास्तरांनी मान लववली. आपल्या शुक्रवारच्या अर्ध्या तासाचा परिणाम मुलांकडून आईबापांपर्यंत पोचला, असा त्यांनी अर्थ लावला आणि तिमाही तक्त्यात दया या रकान्यापुढं 'संपूर्ण गाव' असं लिहिलं. फक्त मालुबाई तेवढी नमस्कार करायची नाही. रेडा समोरून आला की ती तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीनं जायची. दगड काळजाची बाई, मास्तर मनात म्हणायचे.

असं दीड वर्ष सुखात गेलं. मग एका सकाळी पाटील नवा फेटा बांधून शाळेत आले. मागं वरच्या गल्लीचे चार आणि खालच्या गल्लीचे चार. या दोन गल्ल्या बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे मास्तरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना जरा नवल वाटलं. पाटलांनी सांगितलं की रेडा अंगानं भरला, आता लक्ष्मीची जत्रा करायची. भांडणापायी बारा वर्षं जत्रा झाली नव्हती, कारण रेडा कुणी सोडायचा यावर एकमत होत नव्हतं. मास्तरांनी सोडला आणि तंटाच मिटला. पहिला मान मास्तरांचा.

मास्तर प्रसन्न हसले आणि म्हणाले, छान, म्हणजे आमच्या हजऱ्याची मिरवणूक निघणार.

"व्हय तर," पाटील म्हणाले. "वाजत गाजत माळावर. दावं लावायचं न्हाय, काठी लावायची न्हाय, कुणी आडवं जायाचं न्हाय. आपल्या पायानं चालत देवीपुढं जायाचा. त्यो जाईल ती देवीची मर्जी. आनि मग तितं त्येचा..." पाटलांनी हाताची धार करून मानेवर ठेवली.

मास्तर हसतच राहिले. हसू चेहऱ्यावर होतं आणि मास्तर तिथं नव्हते. पाटील मंडळी निघून गेल्यावर मुलांनी त्यांना खुर्चीतून उठवून शाळेमागच्या घरी नेलं.

पद्मावतीनं सगळं ऐकलं आणि इतकंच विचारलं की हळद नेताना गावात एका माणसाला विचारलं असतं तर जीभ झिजली असती का. मग ती आत गेली आणि रडली. तिलाही हजऱ्याचा लळा लागला होता, त्याला ती कानडीत शिव्या द्यायची, गावात तेवढा एकच तिचं सगळं ऐकून घ्यायचा.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी काय काय केलं ते विचारू नका. बेळगावच्या पांजरपोळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जनावर घेऊ, मालकाच्या सहीची चिठ्ठी आणा. आता मालक देवी. पोस्टमास्तर म्हणाला, अर्ज वर पाठवा. मास्तर डेडस्टॉक रजिस्टर काखेत मारून पाटलांकडे गेले आणि रेडा सरकारी मालमत्ता असल्याची नोंद दाखवली. पाटलांनी रजिस्टरालाच हळदकुंकू लावून परत दिलं. शेवटी खरं सांगून टाकायचं असं ठरवून ते पुन्हा पाटलांच्या सोप्यावर गेले, तर तिथं दोन्ही गल्ल्यांची माणसं एका घोंगड्यावर बसून हसत होती, बारा वर्षांनी भाऊ भावाला पानसुपारी देत होता, लेकीबाळींना माहेरी आणायला मुराळी धाडायचं चाललं होतं. मी तुम्हाला फसवलं, असं त्या घोंगड्यासमोर म्हणायला जीभ उचलेना. त्यांनी चहा घेतला आणि परत आले. वाटेत त्यांना पहिल्यांदाच काही स्वप्न पडलं नाही. मुलं विचारायची, गुरुजी, हजऱ्याला काय करणार हायत? मास्तर पाढा म्हणायला लावायचे.

जत्रेचा दिवस उजाडला. बोर्डाची स्थानिक सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी शाळेची घंटा देणं नियमाबाहेर आहे आणि अकरा वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी नियमाबाहेर टाक सुद्धा बुडवला नव्हता. पहिला मान घ्यायला ते गेले नाहीत, पोटात दुखतंय असा निरोप धाडला, जे खरंच होतं. ते रिकाम्या शाळेत खुर्चीवर बसले. धुकं अजून उठलं नव्हतं. ढोलताशा गावातून माळाकडं निघाल्याचा आवाज धुक्यातून येत होता, जवळ, मग लांब, मग आणखी लांब. ओसरीच्या पायरीवर ती मुलगी येऊन बसली होती. आता ती तिसरीत होती. हातात मूठभर चारा होता. आज सुट्टी आहे हे तिला कुणी सांगितलं नसेल असं नव्हतं.

ती म्हणाली, "गुरुजी, अकरा वाजलं."

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकराला सात मिनिटं कमी होती. ते उठले, दांडकं घेतलं, आणि त्या शाळेत कधी ऐकली नव्हती अशी घंटा दिली. टोले मोजायचं भान राहिलं नाही. टोपी खाली पडली, धोतराचा सोगा सुटला, तरी हात थांबेना.

माळावर मांडव शंभर पावलांवर राहिला असताना हजऱ्या थांबला. कान हलवले. मग वळला आणि हारतुऱ्यांसकट गावाकडं धावत सुटला. माणसं बाजूला झाली, कारण आडवं जायचं नव्हतं. काठी लावायची नव्हती. वाजंत्री काय करणार, तेही वाजवत मागं पळाले, नि त्यांच्या मागं दोन्ही गल्ल्या. धुक्यातून आधी ढोल ऐकू आला, मग पिवळं कपाळ दिसलं. हजऱ्या ओसरी चढला, मुलीच्या हातातला चारा खाल्ला, आणि तिसरीच्या खिडकीखाली आपल्या जागेवर बसून रवंथ करायला लागला.

आवारात शेकडो माणसं दाटली. मास्तरांच्या हातात अजून दांडकं होतं. रवळू गुरवानं एकदा हजऱ्याकडं पाहिलं, एकदा पाटलांकडं. रीतीत हे कुठंच बसत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, उठवून न्यावं. तेवढ्यात गर्दीतून मालुबाई पुढं आली आणि हजऱ्या आणि माणसं यांच्यामध्ये उभी राहिली.

"त्यो जाईल ती देवीची मर्जी, असंच हाय न्हवं?" ती म्हणाली. "देवीनं आपलं जनावर साळंत घातलंय. आता तुमी देवीला शिकवणार काय?"

शेवटी गुरवानंच देवीपुढं रेड्याऐवजी कोहळा कापला आणि जत्रा झाली, पाच दिवस झाली, थाटात झाली. मालुबाई जाता जाता हजऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

जत्रा संपल्यावर, सहाव्या दिवशी सकाळी पाटील शाळेत आले. एकटेच होते. खुर्ची मोडकी होती म्हणून बाकावर बसले.

"मास्तर, त्या दिवशी सुट्टी होती न्हवं?"

"होती."

"मग घंटा?"

मास्तरांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "मी दिली. आणि अकराही वाजले नव्हते."

पाटलांनी मान हलवली. मग खिशातून एक लखोटा काढून टेबलावर ठेवला. बोर्डाचा होता, जत्रेच्या गडबडीत त्यांच्याकडं पडून राहिला होता. निपाणीला बदली. मास्तरांनी तो दोनदा वाचला. मागच्या घरात पद्मावतीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"फुडं परत जत्रा येनार," पाटील उठता उठता म्हणाले. "गावाला आता सवय लागली. परत कुनीतरी रेडा सोडनार. तवा घंटा कोन देनार, ह्येचा तेवढा इचार करा."

पाटील गेले. मास्तर लखोटा हातात घेऊन बसले आणि त्यांना निपाणीची पेठ दिसायला लागली, तंबाखूच्या वखारी, देवळाची पायरी, सासऱ्यांचा सोपा. किती वेळ गेला कोण जाणे. पद्मावती दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात रात्रीची भाकरी होती.

"अहो, कळवून टाका बोर्डाला," ती म्हणाली, "की डेडस्टॉकचा चार्ज घ्यायला दुसरं कुणी नाही, तो टाकून येता येत नाही. आणि उठा आता, मुलं उभी आहेत. अकरा वाजून गेले."